बर्फ कारखान्याची डीसी बस : तांब्याच्या पट्ट्या किती जवळ आणायच्या?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ खाडीला लागून एक बर्फाचा कारखाना आहे, अमोनियावर चालणारा. त्याच्या पॅनेलचं काम आमच्या वर्कशॉपकडे आलंय. छपरावर सोलर, मागच्या खोलीत बॅटरी, आणि दोन्हींची वीज ६०० व्होल्टच्या एकाच डीसी बसवर, म्हणजे प्लस-मायनसच्या तांब्याच्या सामाईक पट्ट्यांवर, येते. त्या बसवर तीन ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रं) आहेत, दोन कॉम्प्रेसरचे आणि एक पाण्याच्या पंपाचा. एकूण करंट ४०० अँपिअरच्या घरात.

आधीच्या पॅनेलवाल्याने बस नेहमीच्या पद्धतीने बांधली आहे. ५० बाय १० मिमीच्या दोन पट्ट्या एसएमसीच्या (काच-तंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) सपोर्टवर, एकमेकींपासून १५० मिमीवर, तीन मीटर लांब. पट्ट्या तापत नाहीत. पण दोन्ही कॉम्प्रेसर एकत्र चालू झाले की त्यांच्या ड्राइव्हचे कपॅसिटर फार तापतात. एकेकटा चालवला तर कसलीच तक्रार नाही. ऑसिलोस्कोप लावला तर डीसीवर लहर दिसते, आणि एक ड्राइव्ह बंद होताना जी लहर उठते ती साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासची आहे. ड्राइव्हचं कॅरिअर, म्हणजे आतल्या स्विचिंगची वारंवारता, ४ किलोहर्ट्झवर आहे. प्रत्येकात २००० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत.

पट्ट्या आणखी जाड करा, असा सल्ला मिळालाय. मला तो पटत नाही, कारण तापतायत कपॅसिटर, पट्ट्या नव्हेत. १ जूनला मासेमारी बंदी लागली की कारखाना थंडावतो, तेव्हाच बस बदलता येईल. बंदी उठली की होड्या बाहेर पडतात आणि बर्फाला दम खायला वेळ नसतो. त्यामुळे एकदाच आणि नीट करायचंय.

अनुनाद

जाड करून काही होणार नाही. ५०० चौरस मिमीमधून ४०० अँपिअर म्हणजे चौरस मिमीला एक अँपिअरही नाही. तांबं आत्ताच भरपूर आहे. तुमची अडचण रेझिस्टन्सची नाही, इंडक्टन्सची आहे, म्हणजे बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाची, आणि तो पट्टीच्या जाडीवर फारसा ठरत नाही. जाणारा करंट आणि परतणारा करंट यांच्यामध्ये किती मोकळी जागा वेढली गेली आहे, त्यावर ठरतो.

तुमच्या मांडणीचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री येतो. दोन कॉम्प्रेसर ड्राइव्हमधली बस दोन मीटर धरली आणि वर फ्यूज, केबलचे तुकडे मिळवले, तर २.२ मायक्रोहेन्रीच्या आसपास. एका टोकाला २०००, दुसऱ्या टोकाला २०००. या फेऱ्यात ते सिरीजमध्ये येतात, म्हणजे १००० मायक्रोफॅरड. या दोघांची नैसर्गिक वारंवारता ३.४ किलोहर्ट्झ निघते. तुम्हाला स्कोपवर दिसलेली लहर तीच. शेजारी ४ किलोहर्ट्झचं कॅरिअर बसलंय. एका ड्राइव्हने केलेली खळबळ दुसऱ्याच्या कपॅसिटरपर्यंत वाढत जाते आणि करंट दोघांमध्ये नुसता ये-जा करत राहतो. मोटरला त्याचा काही उपयोग नाही, कपॅसिटर मात्र शिजतात.

तांब्याला हात लावण्याआधी एक करून बघा. दोन्ही ड्राइव्हचं कॅरिअर ६ किलोहर्ट्झ करा. त्याने ड्राइव्हची क्षमता थोडी घटेल, म्हणून लोड कमी ठेवून तुलना करा. कपॅसिटर थंड राहिले तर निदान पक्कं.

शिकाऊ_कुडाळ

ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. डीसीला इंडक्टन्स आडवा येत नाही असं शिकवलंय. मग डीसी बसला हा त्रास का?

अनुनाद

शिकवलंय ते बरोबर. एकसारख्या वाहणाऱ्या करंटला इंडक्टन्स दिसत नाही. पण ड्राइव्हमधला आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. सरासरी करंट डीसी, त्याच्या पोटात तुकड्या-तुकड्यांचा करंट. बदलत्या करंटला इंडक्टन्स विरोध करतो आणि त्या विरोधाचा व्होल्टेज होतो. एक आकडा लक्षात ठेव. ६०० अँपिअर २०० नॅनोसेकंदात बंद केले आणि वाटेत फक्त ५० नॅनोहेन्री असले, तरी १५० व्होल्ट जास्तीचे उभे राहतात. ते त्या आयजीबीटीच्या अंगावर येतात. ड्राइव्हच्या आत कपॅसिटर मॉड्यूलला खेटून बसवलेले असतात ते याचसाठी. बाहेरच्या बसवर धोका थोडा निराळा, वर सांगितला तो.

निवृत्त_लोकोशेड

रेल्वेच्या तीन-फेज इंजिनांत आधी जीटीओ (जुन्या जातीचे सावकाश स्विच) होते, नंतर आयजीबीटी आले. स्विचिंगचा वेग वाढला आणि आतली तांब्याची मांडणीही तशीच जपावी लागली. रुंद पत्रे, मध्ये पातळ इन्सुलेशन, वर पुन्हा पत्रा, सगळं एकमेकांवर दाबून. याला लॅमिनेटेड बसबार म्हणतात. खाडीकाठ, तुम्हाला तेच करायचंय, फक्त साध्या हत्यारांनी.

हिशोब सोपा आहे. दोन रुंद पट्ट्या समोरासमोर ठेवल्या तर मीटरचा इंडक्टन्स म्हणजे १.२५७ मायक्रोहेन्री गुणिले मधलं अंतर भागिले पट्टीची रुंदी. १०० मिमी रुंद पट्टी आणि मध्ये १ मिमी, तर साडेबारा नॅनोहेन्री. तांब्याच्या आत शिरलेल्या करंटचा भाग यात मिळवावा लागतो. १० किलोहर्ट्झला करंट तांब्यात ०.६६ मिमीच शिरतो, त्यामुळे अंतर १ ऐवजी १.६६ धरा. मीटरला २१ नॅनोहेन्री. आत्ताच्या १००० च्या जागी २१.

सूत्रात जाडी कुठेच नाही हे बघा. म्हणून १०० बाय ३ घ्या. ३०० चौरस मिमीतून ४०० अँपिअर म्हणजे १.३ अँपिअर दर चौरस मिमी. मीटरमागे एका पट्टीत ९ ते १० वॅट उष्णता, ती बाहेरच्या बाजूने सहज जाते. जुन्या दोन पट्ट्यांचं तांबं २७ किलो, नव्यांचं १६. मुंबईत गुलालवाडीला पत्रा घ्यायला जाल तेव्हा हा फरक खिशाला कळेल.

लोटे_पॅनेलवाला

काका, कागदावर सगळं मान्य. पण १५० मिमी अंतर कुणी हौसेने ठेवलेलं नाही. मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत पॅनेल बांधतो. आपल्या किनाऱ्यावर सपोर्टवर मीठ बसतं, जूनमध्ये ते ओलं होतं आणि त्यावरून करंट सरपटतो. आधी बारीक काळी रेघ, मग तिला फांद्या फुटतात, मग एके रात्री पॅनेल जातं. अशी जळालेली पॅनेलं मी उघडली आहेत. ६०० व्होल्ट डीसीला शून्य कधी येत नाही, पेटलेला आर्क विझत नाही. तुम्ही प्लस आणि मायनस १ मिमीवर आणायला सांगताय. पुण्यातल्या एसी खोलीत ठीक. खाडीकाठी मी माझ्या नावाने असं पॅनेल देणार नाही.

निवृत्त_लोकोशेड

तुमची भीती अगदी खरी आहे, आणि या कामातला खरा पेच तोच आहे. इंडक्टन्स म्हणतो जवळ या, खारी हवा म्हणते लांब राहा. पण दोघं वेगवेगळ्या अंतराबद्दल बोलतायत. इंडक्टन्सला दोन तांब्यांमधली सरळ जाडी कळते. मिठाला पृष्ठभागावरून चालत जायची वाट कळते. ही दोन अंतरं वेगळी ठेवता येतात.

दोन पट्ट्यांमध्ये १ मिमीचा इपॉक्सी-ग्लासचा पत्रा घाला, पण तो तांब्याच्या कडेपेक्षा दोन्ही बाजूंना १५ मिमी बाहेर काढा. आता करंटला सरपटत जायचं तर १५ मिमी बाहेर, वळसा, १५ मिमी परत. ३१ मिमी. प्रदूषणाची तिसरी पायरी आणि साध्या प्रतीचं इन्सुलेशन धरून आयईसी ६०६६४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ६३० व्होल्टला १० मिमी लागतं, ८०० व्होल्टला साडेबारा. आपण दुपटीहून पुढे आहोत. सरळ जाडी मात्र १ मिमीच राहिली.

लोटे_पॅनेलवाला

आणि पत्रा आणि तांबं यांच्यामध्ये जी केसाएवढी फट राहते तिचं काय? ओल तिथे ओढली जाते. बाहेरून पुसता येतं, तिथलं पुसता येत नाही.

निवृत्त_लोकोशेड

म्हणून नुसता पत्रा दाबून भागणार नाही. जोडाच्या जागा झाकून प्रत्येक पट्टीला आधी इपॉक्सी पावडर कोटिंग करा. कापलेल्या कडा कोटिंगआधी गोल घासून घ्या, धारदार कडेवर पावडर टिकत नाही. मग पत्रा, मग दुसरी पट्टी, आणि बाहेरची फट इपॉक्सी रेझिनने पूर्ण भरून टाका. मध्ये पॉलिएस्टरची फिल्म वापरायचा मोह होईल, स्वस्त मिळते. गरमी आणि दमटपणा एकत्र आले की पॉलिएस्टर हळूहळू ठिसूळ होतं. आपल्याकडे दोन्ही आहेत. नको.

लोटे_पॅनेलवाला

कडा रेझिनने बंद आणि पट्टीला कोटिंग, असं असेल तर माझी हरकत निम्मी गेली. उरलेली निम्मी जोडांवर आहे. तिथे तांबं उघडंच राहणार.

मालवणचो_वायरमन

खारो वारो काय ता आमका विचारा. उघड्या तांब्याक दोन पावसाळ्यात हिरवो कळंक चढता.

पण या ठिकाणी मिठापेक्षा मला अमोनियाची काळजी जास्त वाटते. बर्फ कारखान्यात अमोनियाच्या पाइपलाइन लोखंडाच्या असतात, तांब्याच्या नसतात, ते उगाच नाही. हवा आणि ओल यांच्या जोडीला अमोनिया आला की तो तांबं खातो, निळसर पाणी सुटतं. पितळेला तर तडे जातात. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून थोडा वास येतच असतो, माणसाला सवय होते, तांब्याला होत नाही. म्हणून पॅनेल कॉम्प्रेसरच्या खोलीत ठेवूच नका, भिंतीपलीकडे न्या. आणि आत पितळी बोल्ट, पितळी टर्मिनल एकही नको.

खाडीकाठ

पॅनेल आत्ता कॉम्प्रेसरच्याच खोलीत आहे. मालकांशी बोललो, शेजारची साठवणीची खोली द्यायला तयार आहेत. कॅरिअर ६ किलोहर्ट्झ करून पाहिलं, लोड दोन्ही वेळी सारखा ठेवून. कपॅसिटरचं तापमान स्पष्ट उतरलं. निदान पक्कं झालं, अनुनादताई, आभार.

जोडांवर प्लेटिंग कसलं करू? एकाने चांदी सुचवली आहे.

मालवणचो_वायरमन

चांदी अजिबात नको. ओहोटीला खाजणातल्या चिखलाचा कुजका वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड. चांदी त्याने काळी पडते आणि तिच्यावर बारीक केसासारखे तंतू उगवू शकतात. कथिलाचं प्लेटिंग करा. चकचकीत नको, मॅट फिनिश सांगा, खाली निकेलचा थर. चकचकीत कथिलावरही तंतू यायची शक्यता जास्त असते.

बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या. मिठाला टिकतात, आणि दुसरा फायदा म्हणजे तापल्यावर ते जवळजवळ तांब्याइतकेच वाढतात, त्यामुळे आवळणी सुटत नाही. साधं लोखंड कमी वाढतं. खाली बशीसारखा स्प्रिंग वॉशर, टॉर्क रेंचने आवळून वर रंगाची खूण. जोडावर एक पट्टी दुसरीवर जाडीच्या किमान पाचपट चढलेली हवी, तुमच्या ३ मिमीला १५ मिमी होतात, पण जागा आहे तर ५० ठेवा.

दाभोळ_ते_हर्णै

होडीवरच्या मोटारीसाठी बॅटरीची बस करतोय म्हणून वाचत होतो. एक शंका. शॉर्ट झाला तर इतक्या जवळच्या पट्ट्या एकमेकींवर आपटणार नाहीत का?

अनुनाद

उलट. एकीत करंट जातो, दुसरीत परततो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात. जोर मात्र मोठा असतो. १०० मिमी रुंद पट्ट्यांतून २० किलोअँपिअर गेले तर मीटरला २५०० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलोचं वजन. जुन्या १५० मिमीच्या मांडणीत तेवढ्याच करंटला पंचावन्न किलोही नव्हते. म्हणजे लॅमिनेटेड बसला सपोर्ट नको, ती स्वतःच धरून राहते, ही समजूत टाकून द्या. वीस-पंचवीस सेंटिमीटरवर बाहेरून इन्सुलेटिंग क्लॅम्प हवेत. नाहीतर एका शॉर्टमध्ये रेझिनची कड उकलेल आणि पुढच्या पावसाळ्यात ओल आत जाईल.

दुसरी गोष्ट फ्यूजची. इंडक्टन्स कमी झाला की शॉर्टचा करंट जास्त वेगाने चढतो. ३ मायक्रोहेन्रीत ६०० व्होल्टला मायक्रोसेकंदाला २०० अँपिअर, अर्ध्या मायक्रोहेन्रीत १२००. म्हणून प्रत्येक ड्राइव्हला, प्लस आणि मायनस दोन्हींत, डीसीसाठी रेटिंग असलेला सेमीकंडक्टर फ्यूज. एसीचा फ्यूज चालत नाही. त्याच वेळी फायदाही आहे. तुटताना फ्यूजला बसच्या इंडक्टन्समधली ऊर्जा गिळावी लागते, ती २० किलोअँपिअरला जुन्या बसमध्ये ६०० जूल होती. ती फार कमी होईल.

खाडीकाठ

मग असं ठरवतोय. १०० बाय ३, मध्ये १ मिमी इपॉक्सी-ग्लास, कडा बंद, जोडांवर कथिल. बसपासून प्रत्येक ड्राइव्हपर्यंत फ्यूज होल्डर आणि तिथून ३०० मिमी केबल, जशी आत्ता आहे. बस दोन मीटर म्हणजे फक्त ४० नॅनोहेन्री. अडचण संपली ना?

अनुनाद

थांबा. या केबलनेच सगळं काम वाया जाईल. प्लस एकीकडून, मायनस दुसरीकडून अशा ३०० मिमीच्या केबल दोन्ही ड्राइव्हला धरल्या आणि लांब-लांब बसवलेले फ्यूज मिळवले, तर फेऱ्यात अजून ०.४ मायक्रोहेन्री राहतील. १००० मायक्रोफॅरडसोबत त्याची वारंवारता काढा. ८ किलोहर्ट्झ. तुमचं कॅरिअर ४. ड्राइव्ह डीसीवर सगळ्यात जोरात धक्के देतो तो कॅरिअरच्या दुपटीला, म्हणजे बरोबर ८ ला. साडेतीनवरून उठून तुम्ही आणखी वाईट जागी जाऊन बसाल. बस लॅमिनेटेड, सुंदर, आणि कपॅसिटर पुन्हा तापलेले. मग लोक म्हणणार, लॅमिनेटेड बसचा काही उपयोग नाही.

इथे मधोमध थांबता येत नाही. एक तर प्रत्येक ड्राइव्हला मुद्दाम डीसी चोक (इंडक्टन्स वाढवणारी गुंडाळी) लावून वारंवारता कॅरिअरच्या खूप खाली न्या. तीही प्रतिष्ठित पद्धत आहे, आणि बरेच ड्राइव्ह बनवणारे तीच सुचवतात. नाहीतर इंडक्टन्स शेवटपर्यंत कमी करा. तुमच्याकडे मी दुसरं निवडेन. चोकमध्ये ऊर्जा साठते, ती तुटणाऱ्या फ्यूजला गिळावी लागते, आणि खाऱ्या हवेत आणखी वाइंडिंग सांभाळणं आलं.

एकूण ०.२ मायक्रोहेन्रीवर आणलंत तर वारंवारता ११ किलोहर्ट्झ होते, ८ च्या बरीच वर. दुसरा फायदा याहून मोठा. अशा फेऱ्याचा स्वभाव ठरवणारा आकडा म्हणजे इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स याचं वर्गमूळ. आत्ता तो ४७ मिलिओहम आहे. ०.२ ला तो १४ होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा स्वतःचा ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स, दोन्ही मिळून १२ मिलिओहम धरला, तर तोच लहर दाबून टाकतो. वेगळं काही लावावं लागत नाही. ईएसआर तापल्यावर कमी होतो, म्हणून डेटाशीटमधला गरम अवस्थेचा आकडा घ्या. उद्या कुणी या जागी फिल्म कपॅसिटर बसवले तर ही मदत मिळणार नाही, त्यांचा ईएसआर फार कमी. हे पॅनेलच्या ड्रॉइंगवर लिहून ठेवा.

निवृत्त_लोकोशेड

अनुनाद यांनी बोट बरोबर ठेवलंय. शेवटच्या वीतभर अंतरात अख्ख्या बसपेक्षा जास्त इंडक्टन्स असतो. फाटे असे काढा. प्लस आणि मायनसचे कान बसमधून एकाच जागी, एकावर एक, तसेच पत्र्याला चिकटून बाहेर येऊ द्या. फ्यूज शेजारी-शेजारी, एकात करंट जाणारा, दुसऱ्यात परतणारा, आणि फ्यूजच्या खाली परतीची पट्टी फिरवता आली तर उत्तम. ड्राइव्हच्या टर्मिनलपर्यंत केबलच नको, विणलेल्या तांब्याच्या रुंद लवचिक पट्ट्या, एकीवर दुसरी, मध्ये इन्सुलेशन.

एका पट्टीचा बोल्ट दुसरीतून आरपार जातो तिथे मोठं भोक पाडावं लागतं. अशी भोकं एका ओळीत करंटला आडवी पाडू नका, वाट अरुंद होते आणि करंट वळसे घालतो. करंटच्या दिशेने मागे-पुढे पाडा.

शिकाऊ_कुडाळ

एवढे कमी नॅनोहेन्री मोजायचे कसे? आमच्या लॅबमधल्या एलसीआर मीटरवर वायर हलवली तरी आकडा बदलतो.

अनुनाद

थेट मोजू नकोस, वाजवून बघ. ड्राइव्ह सुटे करायचे. बसच्या एका टोकाला १० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, दुसरं टोक रुंद पट्टीने शॉर्ट. कपॅसिटर २०-३० व्होल्टला भरून मॉसफेटने (झटपट चालू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) सोडायचा आणि स्कोपवर लहर बघायची. १५० नॅनोहेन्री असले तर १३० किलोहर्ट्झ मिळेल. मग शॉर्टची पट्टी कपॅसिटरच्या अगदी जवळ लावून पुन्हा मोज. दोन्ही वारंवारतांवरून इंडक्टन्स काढ. दुसरा इंडक्टन्स कपॅसिटरचा आणि मॉसफेटचा स्वतःचा, तो पहिल्यातून वजा. या वारंवारतेला करंट तांब्याच्या कातडीतूनच वाहतो, त्यामुळे खरा १० किलोहर्ट्झचा आकडा किंचित जास्त असेल.

लोटे_पॅनेलवाला

मी आता या डिझाइनच्या बाजूने आहे, एका अटीवर. बंदीच्या दोन महिन्यांत कारखाना थंड असतो. सगळे विचार करतात की बंद पॅनेलला काय होणार. चालू पॅनेल स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं. बंद पॅनेल रात्री गार पडतं, आत दव धरतं, आणि मीठ तेव्हाच ओलं होतं. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा स्विच टाकतात तेव्हा पॅनेल जातात ती यामुळे. म्हणून आत स्पेस हीटर, ह्युमिडिस्टॅटवर (हवेतली ओल वाढली की चालू करणाऱ्या स्विचवर), आणि त्याला मुख्य स्विचच्या आधीचा वेगळा फीडर, म्हणजे कारखाना बंद केला तरी हीटर चालू. एन्क्लोजर आयपी ५५ (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारं), केबल खालून. पुन्हा चालू करण्याआधी १००० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), ड्राइव्ह आणि बॅटरी सुटे करून, आणि आलेला आकडा दरवर्षी दाराच्या आतल्या कागदावर.

खाडीकाठ

हीटरचा वेगळा फीडर मान्य. केबल काढून रुंद लवचिक पट्ट्या घेतो, फाट्यांचं ड्रॉइंग उद्या टाकतो. लोटेवाले दादा, मेगरचा आकडा किती खाली आला की थांबायचं?

लोटे_पॅनेलवाला

नवीन कोरड्या बसला शेकडो मेगाओहम यायला हवेत. पहिल्या दिवशी आलेला आकडा हीच तुमची मोजपट्टी. पुढे कधी तो दहाव्या भागावर आला तर स्विच टाकू नका. हीटर चोवीस तास चालवून पुन्हा मोजा. वर चढला तर ओल होती. नाही चढला तर रेझिनची कड कुठेतरी उकलली आहे, ती शोधा. सुरुवात फाट्यांपासून करा.